गोवा गिल

गोवा गिल (मूळ नाव: गिल्बर्ट लेव्ही; ११ ऑक्टोबर १९५१ – २६ ऑक्टोबर २०२३) हे अमेरिकेत जन्मलेले आणि गोव्यात स्थायिक झालेले नृत्यसंगीतकार व डीजे होते. गोव्यातील हणजूण-वागातोर किनाऱ्यावर १९८० च्या दशकात जी रात्रभराच्या इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताची परंपरा रुजली आणि जिच्यातून पुढे 'गोवा ट्रान्स' हा संगीतप्रकार जगभर पसरला, तिच्या प्रवर्तकांमध्ये त्यांची गणना होते. जुना आखाड्याची दीक्षा घेऊन ते साधू झाले होते आणि त्या परंपरेत बाबा मंगलानंद या नावाने ओळखले जात. सलग चोवीस तास चालणारे त्यांचे वादन हा जगभरातील ट्रान्सप्रेमींच्या कौतुकाचा विषय होता. २०२३ मध्ये त्यांना कर्करोग असल्याचे जाहीर झाले आणि त्याच वर्षी, वयाची ७२ वर्षे पूर्ण होऊन पंधरा दिवस झाले असता, त्यांचे निधन झाले.

पूर्वायुष्य

लेव्ही यांचे बालपण कॅलिफोर्नियातील सॅन राफाएल या गावी गेले. सॅन फ्रान्सिस्को तेथून जवळ आहे. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्या शहराच्या हेट-ॲशबरी भागात हिप्पी चळवळ भरात होती आणि किशोरवयीन लेव्ही तिच्या अगदी केंद्रस्थानी वावरत होते. 'फॅमिली डॉग' ही संगीताचे कार्यक्रम भरवणारी मंडळी आणि 'सन्स ऑफ चॅम्पलिन' हा वाद्यवृंद यांच्याशी त्यांचा निकटचा संबंध आला. कार्यक्रम कसा उभा राहतो, रोषणाई आणि ध्वनी मिळून प्रेक्षागृहाचे वातावरण कसे बदलते, याचे पहिले धडे त्यांनी येथेच घेतले असे म्हणता येते. त्यांचे पुढील सारे कार्य पाहिले, तर ते रॉक संगीताच्या या कार्यशाळेतून बाहेर पडलेल्या माणसाचेच आहे. इलेक्ट्रॉनिक संगीत त्यांच्या आयुष्यात बरेच उशिरा आले.

दशक संपता संपता हेट-ॲशबरीतील वातावरण बिघडले. १९६९ मध्ये लेव्ही यांनी अमेरिका सोडली. ॲमस्टरडॅममार्गे आणि पुढे खुष्कीच्या मार्गाने ते भारतात पोहोचले. त्या काळी इस्तंबूल, तेहरान, काबूल, लाहोर असा प्रवास करीत हजारो पाश्चात्त्य तरुण भारतात येत असत. इराणमधील १९७९ ची क्रांती आणि त्याच वर्षाच्या अखेरीस अफगाणिस्तानात शिरलेले सोव्हिएत सैन्य यांमुळे हा मार्ग बंद झाला. लेव्ही आले तेव्हा मात्र तो पुरता खुला होता.

गोव्यातील आगमन

गोवा १९ डिसेंबर १९६१ रोजी पोर्तुगीज सत्तेतून मुक्त झाला. त्यानंतर दहा वर्षांच्या आत बार्देश तालुक्यातील कळंगुट, हणजूण, वागातोर, शापोरा या किनारी गावांत हिप्पींची वस्ती होऊ लागली. माडांच्या बागा, मासेमारी, थोडीफार भातशेती आणि मुंबईला किंवा आखाती देशांत नोकरीस गेलेल्या घरच्या माणसाकडून येणारी मनीऑर्डर यांवर चालणारी ही गावे होती. घरातील एखादी खोली भाड्याने देणे हे अनेक कुटुंबांना उत्पन्नाचे नवे साधन वाटले. या वसाहतीतील सर्वांत परिचित व्यक्ती म्हणजे 'एट फिंगर एडी' या टोपणनावाचे येर्टवर्ड मॅझमॅनियन. हणजूणचा बुधवारचा बाजार आज पर्यटकांनी गजबजलेला असतो. त्याचा उगम परतीच्या प्रवासाला पैसे कमी पडलेल्या हिप्पींनी आपल्या वस्तू विकण्यात आहे.

लेव्ही १९७० च्या सुमारास येथे आले. गोव्यात राहणारा गिल म्हणून 'गोवा गिल' हे नाव त्यांना मिळाले आणि तेच कायम झाले. त्या काळच्या किनाऱ्यावरील मैफली साध्या असत. शेकोटीभोवती गिटार, ढोलकी, बासरी वाजे, विशेषतः पौर्णिमेच्या रात्री. पुढे ध्वनिवर्धक आले, विजेवरची वाद्ये आली आणि नाताळ ते नववर्ष या काळात रॉक वाद्यवृंदांचे कार्यक्रम होऊ लागले. वाद्ये व यंत्रसामग्री परदेशातून आणावी लागे. गिल यांचा या साऱ्या जुळवाजुळवीत पुढाकार असे आणि ते स्वतः गिटार वाजवीत.

साधुजीवन

भारतातील पहिल्या काही वर्षांतच गिल हिमालयाकडे व तीर्थक्षेत्री साधूंच्या सहवासात राहिले. जुना आखाड्यातील महंत प्रेमगिरी हे त्यांचे गुरू. जुना आखाडा हा दशनामी संन्याशांच्या शैव आखाड्यांपैकी मोठा आखाडा असून त्याचे आराध्य दैवत दत्तात्रेय आहे. दत्तसंप्रदायाशी परिचित असलेल्या मराठी वाचकास ही गोष्ट मुद्दाम लक्षात ठेवण्याजोगी वाटेल. दीक्षेनंतर ते मंगलानंद झाले. जटा, रुद्राक्षांच्या माळा आणि कपाळी भस्म हा त्यांचा वेश अखेरपर्यंत राहिला. कुंभमेळ्यास ते आखाड्याबरोबर जात.

संन्यासी आणि नृत्याच्या रात्री चालविणारा डीजे या दोन भूमिका एका माणसात कशा नांदतात, हा प्रश्न त्यांना अनेकदा विचारला जाई. त्यांचे उत्तर साधारणपणे असे असे की दोन्ही एकच आहेत. नृत्य हे सक्रिय ध्यान आहे, आणि आदिम समाजात ढोलाच्या तालावर रात्रभर नाचून जे साधले जाई तेच आजच्या यंत्रांनी साधावयाचे आहे. एकविसाव्या शतकासाठी प्राचीन टोळीजीवनातील विधीची नव्याने मांडणी करणे, हे ब्रीद ते आपल्या कार्याविषयी सांगत. त्यांच्या वादनाच्या मेजावर शंकराची तसबीर, ओम्‌चे चिन्ह असलेले वस्त्र आणि धूप असे. काहींना हे निव्वळ नेपथ्य वाटले. तथापि पाच दशके आखाड्याशी टिकवलेला संबंध केवळ नेपथ्यासाठी कोणी टिकवीत नाही, हेही नोंदवले पाहिजे.

ध्वनिफितींवरील संगीत

१९८० च्या दशकाच्या सुरुवातीस गोव्याच्या किनाऱ्यावरील संगीत बदलले. रॉक, रेगे आणि डिस्कोच्या जागी युरोपातून येणारे इलेक्ट्रॉनिक संगीत वाजू लागले. फ्रेड डिस्को आणि लॉराँ या फ्रेंच डीजेंना या बदलाचे मोठे श्रेय दिले जाते. गिल यांनीही जवळपास त्याच सुमारास रॉककडे पाठ फिरवली आणि रात्रभर केवळ इलेक्ट्रॉनिक संगीत वाजविण्याचा प्रघात पाडणाऱ्यांमध्ये ते होते. क्राफ्टवेर्क, कॅबरे व्होल्तेर, फ्रंट २४२ यांसारख्या वाद्यवृंदांच्या रचना ते घेत. मात्र त्या जशाच्या तशा वाजवल्या जात नसत. शब्द ऐकू आले की नाचणाऱ्याचे मन अर्थाकडे जाते आणि तंद्री मोडते, असा अनुभव होता. म्हणून गाण्यातील गायनाचा भाग वगळून केवळ वाद्यांचे तुकडे एकापुढे एक जोडून नवी ध्वनिफीत तयार केली जाई. हे काम दिवसा, खोलीत बसून, दोन कॅसेट यंत्रांच्या साहाय्याने चाले. 'ट्रान्स' हे नाव अजून कोणी दिले नव्हते, परंतु या कात्रीकामातच त्या प्रकाराचा सांगाडा तयार झाला.

पाश्चात्त्य क्लबांतील डीजे तबकड्या वापरीत. गोव्यात ते शक्य नव्हते. उन्हाने तबकडी वाकते, वाळू आणि खारी हवा सुई व खाचा बिघडवते आणि शेकडो तबकड्यांचे ओझे घेऊन देशोदेशी फिरणे भटक्यांना परवडणारे नव्हते. त्यामुळे येथे कॅसेट हेच साधन ठरले. सोनी कंपनीने १९८७ मध्ये डिजिटल ऑडिओ टेप, म्हणजे 'डॅट', बाजारात आणली. काडेपेटीहून जराशा मोठ्या असलेल्या या फितीत सीडीच्या तोडीचा ध्वनी मावत असे. गोव्यातील मंडळींनी ती तत्काळ स्वीकारली. युरोप, इस्राएल व जपानमधील संगीतकार आपल्या अप्रकाशित रचना डॅटवर उतरवून हिवाळ्यात गोव्यास आणीत आणि एकमेकांना देत. एखादी रचना लंडनच्या दुकानात पोहोचण्याआधी वर्षभर वागातोरच्या डोंगरउतारावर वाजून गेलेली असे.

फितीच्या साधनाला एक मर्यादा होती. तबकडीचा वेग हाताने कमीजास्त करून दोन रचनांचे ठेके जुळविता येतात. सामान्य डॅट यंत्रावर ते करता येत नाही. त्यामुळे गोव्याची पद्धत निराळी घडली. एक रचना पूर्ण वाजू द्यावयाची, तिचा शेवट विरत असताना दुसऱ्या यंत्रावरील रचनेची सुरुवात हळूच आणावयाची. परिणामी रचनाही लांब, आठ-दहा मिनिटांच्या, आरंभी व अखेरीस विनाठेक्याच्या स्वरपट्ट्यांनी वेढलेल्या होऊ लागल्या. साधनाच्या उणिवेतून शैली घडल्याचे हे एक चांगले उदाहरण होय. पुढे सीडी आली, नंतर संगणक आला, सोनीने २००५ मध्ये डॅट यंत्रांचे उत्पादनही थांबवले. परंतु गिल यांनी डॅट सोडली नाही. दोन लहान यंत्रे, एक मिक्सर आणि फितींनी भरलेल्या पेट्या एवढ्या सामग्रीवर ते अखेरपर्यंत वाजवीत राहिले.

चोवीस तासांची रात्र

गिल यांच्या पार्टीचा आराखडा ठरलेला असे. सूर्यास्तानंतर प्रारंभ, मध्यरात्रीनंतर अधिकाधिक काळोखी, वेगवान आणि कठोर संगीत, आणि पहाट होताच त्यात हळूहळू शिरणारी मधुर सुरावट. रात्रीचा भाग हा नाचणाऱ्याचा अहंकार गाळून टाकण्यासाठी आणि पहाट ही नव्या जन्मासाठी, अशी त्यांची मांडणी होती. मृत्यू आणि पुनर्जन्म यांचा हा क्रम त्यांच्या प्रत्येक कार्यक्रमात असे, आणि त्यांच्या शेवटच्या वर्षाकडे पाहताना त्याची आठवण होणे साहजिक आहे.

गोवा ट्रान्समधील अनेक सुरावटी पाश्चात्त्य संगीतातील फ्रिजियन स्वरमालिकेवर बेतलेल्या असतात. स्वरांच्या दृष्टीने पाहिल्यास ती म्हणजे आपला भैरवी थाट. मैफलीच्या अखेरीस भैरवी गाण्याचा आपल्याकडील संकेत या पाश्चात्त्य तरुणांना ठाऊक असण्याचे कारण नाही. तरीही कोमल ऋषभाचे हे स्वर आणि उजाडतानाची वेळ यांची गाठ हणजूणमध्ये पडली, हे संगीताच्या अभ्यासकाला कुतूहलाचे वाटेल.

किनाऱ्यावरील पार्ट्यांना ना तिकीट असे ना फाटक. गावातील स्त्रिया चटया अंथरून, रॉकेलचा दिवा आणि स्टोव्ह मांडून रात्रभर चहा, भजी, ऑम्लेट विकीत. नाचून थकलेले लोक या चटयांवर विसावत. हणजूणचे बांबूचे बन, वागातोरची 'डिस्को व्हॅली' ही स्थळे यांमुळेच नावारूपास आली.

गिल यांची भेट आरियान मॅकॲव्हॉय यांच्याशी झाली. आफ्रिकी नृत्य व जेम्बे हे तालवाद्य यांचा त्यांचा अभ्यास होता. दोघांनी विवाह केला आणि 'द नोमोज' या नावाने एकत्र संगीतनिर्मिती केली. माली देशातील डोगोन लोकांच्या पुराणकथांतील जलदेवतांचे हे नाव आहे. इतरांच्या रचना वाजविणारे म्हणून गिल अधिक प्रसिद्ध असले, तरी निर्माते म्हणून त्यांचे काम मुख्यत्वे या नावाखाली आहे. १९९० च्या दशकापासून हे दांपत्य युरोप, अमेरिका, जपान आदी ठिकाणी दौरे करी आणि हिवाळ्यात गोव्यास परते. साठी उलटल्यावरही गिल एकट्याने चोवीस तास वाजवीत. दर काही मिनिटांनी पुढची फीत शोधून ती नेमक्या जागी आणून ठेवणे, हे काम न झोपता दिवसरात्र करणे किती कष्टाचे आहे, याची कल्पना संगणकाच्या कळेवर संगीत लावणाऱ्यास येणार नाही.

जगभर प्रसार

१९९० च्या दशकाच्या मध्यास गोव्यातील या संगीतास बाजारपेठ मिळाली. लंडनमध्ये ड्रॅगनफ्लाय, टिप, फ्लाइंग ऱ्हायनो अशा ध्वनिमुद्रण संस्था निघाल्या. डिसेंबर १९९४ मध्ये बीबीसी रेडिओ वनवर पॉल ओकनफोल्ड यांनी सादर केलेला 'गोवा मिक्स' लाखो श्रोत्यांपर्यंत पोहोचला. १९९५ मध्ये हॅल्युसिनोजेन या नावाने सायमन पोसफर्ड यांचा 'ट्विस्टेड' हा संग्रह निघाला. इस्राएलमधील ॲस्ट्रल प्रोजेक्शन या चमूस मोठी लोकप्रियता लाभली. लष्करी सेवा संपवून भारतात येणाऱ्या इस्राएली तरुणांनी हे संगीत मायदेशी नेले होते. पुढे त्याच्या अनेक शाखा झाल्या व 'सायट्रान्स' ही व्यापक संज्ञा रूढ झाली. गिल स्वतः त्यातील अधिक गडद, वेगवान शाखेकडे वळले. २००१ मधील 'लास्ट हिप्पी स्टँडिंग' या माहितीपटामुळे त्यांचे नाव ट्रान्सच्या वर्तुळाबाहेरही गेले.

विरोध, निर्बंध आणि टीका

रात्रभराचा हा उत्सव ज्यांच्या दारात होत असे, त्यांची बाजू नोंदविल्याशिवाय हा इतिहास अपुरा राहील. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून युरोपातून थेट गोव्यास येणारी चार्टर विमाने सुरू झाली आणि पार्ट्यांची गर्दी कैक पटींनी वाढली. लहान मुले, वृद्ध, आजारी माणसे, परीक्षेचा अभ्यास करणारे विद्यार्थी यांना दोन-दोन दिवस झोप मिळत नसे. अमली पदार्थांचा व्यापार आणि त्यातून येणारी गुन्हेगारी ही तक्रार तर सततची होती. सायकेडेलिक द्रव्यांचे सेवन हा या संस्कृतीचा आरंभापासूनचा भाग होता, ही गोष्ट लपविण्यात अर्थ नाही. त्याच वेळी खोल्या, दुचाकी, चहाच्या चटया यांवर संसार चालणारी कुटुंबेही याच गावांत होती, त्यामुळे गावाचे मत कधीच एक नव्हते.

ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० अन्वये रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिवर्धक लावण्यास मनाई झाली. राज्य सरकारला वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस ही मर्यादा मध्यरात्रीपर्यंत शिथिल करण्याची मुभा नंतर देण्यात आली. सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २००५ च्या निकालात या निर्बंधांच्या काटेकोर अंमलबजावणीवर भर दिला. हे नियम देशभर लागू आहेत. रायगड किनाऱ्यावरील नागाव, काशीद येथे शनिवार-रविवारी मुंबईहून येणाऱ्या पर्यटकांच्या ध्वनिवर्धकांनाही तेच लागू होतात. परंतु गोवा ट्रान्सवर त्यांचा परिणाम अधिक खोल झाला, कारण या संगीताचा प्राण रात्र आणि पहाट यांत होता. सकाळी सुरू होऊन रात्री दहाला संपणारी ट्रान्स पार्टी ही गिल यांच्या मांडणीत अर्धीच ठरते. आपल्या नावात ज्या भूमीचे नाव होते, तेथेच चोवीस तास वाजविणे त्यांना दुरापास्त झाले आणि लांब पल्ल्याचे कार्यक्रम परदेशी रानावनांत होऊ लागले.

अभ्यासकांची टीका निराळ्या अंगाची आहे. अरुण साल्ढाणा यांनी 'सायकेडेलिक व्हाइट' (२००७) या ग्रंथात हणजूणच्या पार्ट्यांतील वर्णभेदाकडे लक्ष वेधले. सर्वांना खुल्या म्हणविणाऱ्या या उत्सवात पहाटेची खरी वेळ येताच नृत्याची जागा गोऱ्या जुन्याजाणत्यांच्या ताब्यात जाई आणि भारतीय पर्यटक कडेला पडत, असे त्यांचे निरीक्षण आहे. ऐक्याचा घोष करणाऱ्या चळवळीसाठी ही टीका झोंबणारी होती. ग्रॅहम सेंट जॉन यांच्या 'ग्लोबल ट्राइब' (२०१२) या ग्रंथात या संस्कृतीच्या धार्मिक अंगाचा अधिक सहानुभूतीने विचार केलेला आहे.

आजार व निधन

२०२३ मध्ये गिल यांना कर्करोग झाल्याचे चाहत्यांना कळले. ज्याची ख्याती मुळात शारीरिक तग धरण्यावर उभी होती, अशा कलावंताच्या आजाराची ही वार्ता होती. त्यामुळे तिचा धक्का मोठा होता. २६ ऑक्टोबर २०२३ रोजी गोव्यात त्यांचे निधन झाले. भारतातील वृत्तपत्रांनी त्यांची दखल घेताना त्यांना गोवा ट्रान्सचे जनक म्हटले. फ्रेड डिस्को आणि लॉराँ यांचे काम पाहता हे एकवचन अचूक नाही. पण त्या पहिल्या पिढीतील जो माणूस शेवटपर्यंत तेथेच, त्याच वेशात आणि त्याच यंत्रांवर राहिला, तो गिल होते.

नृत्यसंगीताच्या क्षेत्रात गंभीर आजारी कलावंत आणि त्याचा अखेरचा जाहीर उत्सव हा प्रसंग अनेकदा घडला आहे. सॅन फ्रान्सिस्कोमधीलच निर्माते पॅट्रिक काउली यांनी, रोगाचे नेमके निदानही होत नव्हते अशा काळात, खालावत्या प्रकृतीत १९८२ साली 'माइंड वॉर्प' हा संग्रह पूर्ण केला. त्याच वर्षी १२ नोव्हेंबरला एड्सने त्यांचा बळी घेतला. शिकागोचे फ्रँकी नकल्स यांचा पाय मधुमेहामुळे २००८ मध्ये कापावा लागला, तरी ते वाजवीत राहिले, आणि मार्च २०१४ मध्ये लंडनमधील कार्यक्रमानंतर काही दिवसांतच वारले. स्वीडनचे आविची (टिम बर्गलिंग) यांनी प्रकृतीच्या कारणास्तव २८ ऑगस्ट २०१६ रोजी इबिझा बेटावर अखेरचा कार्यक्रम करून दौऱ्यांचा निरोप घेतला. त्या वेळी ते सत्तावीस वर्षांचेही नव्हते.

महाराष्ट्रास असे प्रसंग अपरिचित नाहीत. पंडित भीमसेन जोशी प्रकृती साथ देत नसतानाही २००७ च्या सवाई गंधर्व महोत्सवात अनपेक्षितपणे गायले आणि ते त्यांचे शेवटचे जाहीर गायन ठरले. लोकशाहीर विठ्ठल उमप यांनी २६ नोव्हेंबर २०१० रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर रंगमंचावरच प्राण सोडला. गिल यांच्या बाबतीत असा एकच प्रसंग बोटाने दाखविण्यापेक्षा त्यांची अखेरची वर्षे एकत्र पाहणे योग्य ठरते. प्रत्येक पार्टी ही मृत्यूतून पहाटेकडे नेणारा विधी आहे, असे चार दशके सांगणाऱ्या माणसासाठी निरोपाचा वेगळा समारंभ आवश्यकच नव्हता.

संग्रह

गिल यांचे निवडक वादन सीडीवर प्रकाशित झाले आहे, पण त्यांच्या संगीताचा मोठा भाग डॅट फितींवर राहिला. या फितींचे चुंबकीय लेपन काळानुसार खराब होते. त्या वाजविणारी यंत्रे आता तयार होत नाहीत आणि त्यांचे सुटे भागही दुर्मीळ झाले आहेत. १९८० व १९९० च्या दशकांत संगीतकारांनी गोव्यात हातोहात दिलेल्या कित्येक रचना पुढे कधीच अधिकृतपणे प्रसिद्ध झाल्या नाहीत. त्या केवळ अशा फितींवरच आहेत.